‘गोत्तिल्ला’ नावाचा वर्ग

एका वर्गातल्या सगळ्या मुलांनी परीक्षेत अगदी एकसारखी चूक केली, तर त्यांनी नक्कल केली असं ठरवायला तुम्हाला किती वेळ लागेल? आमच्या कॉलेजच्या शिस्त समितीला चहा संपेपर्यंतचा वेळ लागला. मलाही जास्त लागला नसता. पण मी त्याच वर्गात होते आणि ती चूक माझ्याही पेपरात होती.

ही चूक ज्यांच्या वर्गात झाली, त्या बाईंबद्दल मला लिहायचं आहे. बंगळूरमधल्या एका डिप्लोमा कॉलेजात त्या आम्हाला पाणी शिकवायच्या. विषयाचं नाव मोठं होतं, पण पहिल्याच तासाला त्यांनी ते फळ्यावर लिहून पुसून टाकलं आणि म्हणाल्या, “नळातलं, गटारातलं, टाकीतलं. पाणी कुठून कुठे आणि किती जोरात जातं, एवढाच विषय आहे.” वर्ग त्यांना ‘मिस’ म्हणायचा. मी एकटी ‘बाई’ म्हणायचे, तेही वर्गाबाहेर. त्यांचं मराठी घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, चिकपेटेत कापड रंगवण्याचं काम करणारं. आम्ही अलीकडचे, वडील सरकारी कारखान्यात नोकरीला लागले म्हणून सोलापूरहून आलो. पहिल्या दिवशी मी कौतुकानं त्यांच्याशी मराठीत बोलायला गेले, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं.

“सरी,” त्या कन्नडमध्ये ‘ठीक’ म्हणाल्या. “रविवारी राजाजीनगरला घरी ये, मराठीत मनसोक्त भांडू. वर्गात नको अक्का, बाकीच्यांनी काय पाप केलंय?”

त्यांचा फोन स्टीलच्या डब्यात असायचा. पोळ्यांच्या गोल डब्यात, झाकण लावून. डबा स्टाफरूमच्या टेबलावर ठेवलेला असायचा आणि संदेश आला की आतून भांडं वाजल्यासारखा आवाज यायचा. नवीन आलेले शिक्षक दचकायचे. जुने म्हणायचे, “मॅडमची पोळी भाजली.” मी एकदा कारण विचारलं.

“उत्तर द्यायचा मोह होतो गं. हातात असला की बोटं चालतात. मी उत्तर दिलं की मुलं विचार करायची थांबतात. म्हणून डब्यात.”

कसलं उत्तर, तर आमच्या गटावरच्या प्रश्नांचं. सत्राच्या सुरुवातीला त्यांनी वर्गाचा एक गट फोनवर काढला. दुसऱ्या विषयांचे गट होते, त्यांची नावं विषयाची नावं होती आणि त्यांत नोटीस, सुट्ट्या, फीच्या तारखा आणि सणांच्या शुभेच्छा यायच्या. बाईंच्या गटाचं नाव होतं ‘गोत्तिल्ला’. कन्नडमध्ये याचा अर्थ ‘माहीत नाही’. कॉलेजच्या व्यवस्थापनानं तेव्हा नुकतंच एक शिक्षणाचं अॅप विकत घेतलं होतं. त्यात शिक्षकांनी नोट्स टाकायच्या आणि मुलांनी उतरवून घ्यायच्या. प्राचार्यांनी बाईंना विचारलं, अॅप असताना हा वेगळा गट कशाला? बाई म्हणाल्या, “त्या अॅपमध्ये पाणी वरून खालीच येतं, सर. मला पंप पाहिजे.”

गटाचे नियम विचित्र होते. कुणीही थेट उत्तर लिहायचं नाही. आधी स्वतः केलेला प्रयत्न, कागदावरचा, खाडाखोडीसकट, फोटो काढून टाकायचा. मग दुसऱ्यानं त्यातली एकच गोष्ट खोडून काढायची आणि का ते लिहायचं. टाकलेलं मागे घ्यायचं नाही. लोकेश नावाचा आमचा एक वर्गमित्र होता, हुशार पण घाईचा. त्यानं एकदा लाज वाटून आपला फोटो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला फळ्यापाशी उभं केलं.

“खड्डा बुजवलास?”

“मिस, चुकलं होतं.”

“म्हणूनच. तुझ्या मागून येणारा त्याच खड्ड्यात पडला आज सकाळी. टाक परत.”

अंगठ्याचं चिन्ह बंद होतं. “काय पटलं ते लिही, अंगठा काय दाखवतोस?” भाषेचं बंधन नव्हतं. कन्नड, तमिळ, हिंदी, मोडकं इंग्रजी, काहीही चालायचं. पण ‘इंग्रजीत लिही’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, ‘समजावून सांग’ असं म्हणायचं. आणि सुप्रभात. एका मुलानं भाबडेपणानं दव पडलेल्या गुलाबाचं चित्र पाठवलं. तासाभरानं बाईंचा दुर्मीळ संदेश आला: “या पाकळीवरचा थेंब घरंगळत का नाही? उद्यापर्यंत. आकृतीसह.” तो मुलगा रडकुंडीला आला. त्यानंतर आमच्या गटावर फूल उगवलं नाही.

बाई सगळं वाचायच्या, पण गटावर कधी चूक दुरुस्त करायच्या नाहीत. आठवडाभर आम्ही भांडायचो आणि शनिवारच्या तासाला त्या फळ्यावर सगळं सोडवायच्या. बरोबर उत्तर आलं तरी त्यांच्या तोंडून शाबासकी निघत नसे. “सरी. मग?” एवढंच. त्या ‘मग’नं आमचे कितीतरी शनिवार खाल्ले.

आता ती चूक.

प्रश्न त्यांनी सोमवारी टाकला. पावसात तुंबणारा एक अंडरपास आहे. पाणी काढायला अमुक व्यासाचा एक पाइप पाहिजे. बाजारात तो नाही, निम्म्या व्यासाचे आहेत. किती लावाल?

लोकेशनं लगेच लिहिलं, दोन. कुणीतरी म्हणालं, नाही, व्यास निम्मा झाला की तोंड निम्म्याहून लहान होतं. मग किती? गाडी अडली. तेव्हा वर्गातल्या एका मुलीनं, जी एरवी फारशी लिहीत नसे, एक चित्र टाकलं. तव्यावर एक मोठा डोसा. शेजारी निम्म्या रुंदीचे छोटे डोसे, चार. खाली लिहिलं होतं: “पीठ तेवढंच.” झालं! सगळ्यांना एका क्षणात दिसलं. मंगळवार संध्याकाळपर्यंत अख्खा वर्ग ‘चार’वर आला, आणि आम्ही इतके खूश होतो की विचारू नका. दोनावरून चारावर आम्ही स्वतःच्या पायांनी चालत आलो होतो.

चार हे उत्तर चूक आहे. पीठ तेवढंच लागतं, पण चार छोट्या डोशांच्या कडा मिळून मोठ्या डोशाच्या दुप्पट होतात. पाणी पाइपाच्या कडेला घासत जातं. कडा वाढली की अडथळा वाढतो. चार पाइप लावले तर अंडरपास तुंबलेलाच राहील, सहा-सात लागतात. आळशी नक्कल करणाऱ्या मुलानं ‘दोन’ लिहिलं असतं. ‘चार’ लिहायला विचार करावा लागतो, भांडावं लागतं, आणि मग शेवटच्या पायरीवर घसरावं लागतं. अशी चूक असाच वर्ग करू शकतो.

शनिवारी बाई ती घसरलेली पायरी दाखवणार होत्या. पण त्या शनिवारी तास झाला नाही. कॉलेजची तपासणी करायला पाहुणे येणार होते, म्हणून आमच्या वर्गाला रांगोळी आणि स्वागतगीताच्या तालमीला लावलं. बाईंनी अर्धा तास मागितला, मिळाला नाही. आणि सोमवारी चाचणी परीक्षा होती. पेपर दुसऱ्या सरांनी काढला होता, आणि त्यात निम्म्या व्यासाच्या पाइपांचाच प्रश्न होता. आम्ही सगळ्यांनी छातीठोकपणे ‘चार’ लिहिलं. कितीतरी जणांनी डोसे काढले. एकानं चटणीही काढली.

पेपर तपासणाऱ्या सरांना आमचा गट माहीत नव्हता. त्यांना फक्त गठ्ठाभर डोसे दिसले. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर?

समितीनं मला वर्गप्रतिनिधी म्हणून बोलावलं. मी गेले तेव्हा बाई आधीच बसलेल्या होत्या, मांडीवर डबा. समोर प्राचार्य, तपासणारे सर आणि अध्यक्ष म्हणून यंत्र विभागाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांच्या हसण्याची वर्गात कुणाला आठवण नव्हती.

प्राचार्य म्हणाले, “हे पाहा मॅडम, सगळ्या वर्गावर कारवाई मलाही नको आहे. कुणीतरी एकानं हे सुरू केलं असणार. पहिलं चित्र कुणाचं, तेवढं नाव द्या. बाकीचे सुटतील.”

बाईंना नाव माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्या मुलीचं शिक्षण फीमाफीवर चाललं होतं. शिस्तीचा एक शेरा लागला की माफी बंद, आणि माफी बंद झाली की ती गावी परत. तिच्या घरातून दहावीच्या पुढे आलेली ती पहिलीच होती. ‘बाकीचे सुटतील’ याचा अर्थ एवढाच होता की एक सुटणार नाही.

“नक्कल झालेली नाही,” बाई म्हणाल्या. “चूक झाली. ती मला मंगळवारीच दिसली होती. शनिवारी फळ्यावर काढणार होते, शनिवार तुम्ही घेतलात. ते राहू दे. मी गटावर एक ओळ लिहू शकले असते, लिहिली नाही. ही चूक माझी. माझं नाव लिहून घ्या.”

“आम्ही मुलाचं नाव विचारतोय.”

“ते देणार नाही.”

“फोन दाखवा मग.” प्राचार्यांनी डब्याकडे हात केला.

“या डब्यात माझा वर्ग आहे, सर. परीक्षेत काय लिहिलं ते तुमचं. वर्गात कोण काय चुकलं ते वर्गाचं.”

तपासणारे सर उसळले. “वर्गात शिकवायचं सोडून फोनवर हे असले धंदे! मुलं तिथे काय शिकतात याचा पुरावा काय?”

बाई म्हणाल्या, “पुरावा देते. वर्ग बोलवा. प्रश्न तुम्ही काढा, मला सांगू नका. मुलं दूर दूर बसतील, गटावर लिहितील, तुम्ही पडद्यावर बघा. नक्कल कुणाची करतात ते सांगा मला.”

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पडद्यावर प्रत्येक संदेशाला नाव येणार. ती मुलगी लिहिणार नाही, आणि लिहिलं तर तिचं चित्र ओळखलं जाणार. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. अध्यक्षांनी मान हलवली.

दुपारी सभागृहात सगळा वर्ग बसला, दोन माणसांत रिकाम्या खुर्च्या सोडून. बाई पुढे आल्या, डब्यातून फोन काढून फक्त नवे संदेश दिसतील असा पडद्याला जोडला आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, “आधी आपापले फोन बदला. शेजाऱ्याला द्या. त्यानं पुढच्याला द्यावा. फिरू दे स्वल्प.”

सभागृहात गलका झाला. “मिस, माझ्या फोनमध्ये गर्लफ्रेंड आहे!” “काढ लेका तिला बाहेर, तिलाही पाणी शिकू दे.” फोन हातोहात फिरले आणि कुणाचा कुणाकडे गेला ते कुणालाच कळेना.

प्राचार्य उठून उभे राहिले. “हे काय चाललंय? मग कोण लिहितंय ते आम्हाला कसं कळणार?”

“कशाला कळायला पाहिजे?” बाई म्हणाल्या. “काय लिहिलंय ते वाचा.”

अध्यक्षांनी प्रश्न सांगितला. दोन सारखी पिंपं, सारखं पाणी. दोन्हींच्या तळाला सारखंच भोक. एका भोकाला खाली हातभर नळी जोडली आहे. कोणतं पिंप आधी रिकामं होईल?

पडद्यावर लोकेशच्या नावानं कुणीतरी लिहिलं: “बिननळीचं. नळीत पाणी घासतं, डोशाची कडा आठवा.” खाली भराभर दुजोरे आले. तपासणारे सर समाधानानं खुर्चीत मागे टेकले. पुन्हा सगळा वर्ग एका खड्ड्याकडे चालला होता. बाईंनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यावर त्या बसून राहिल्या. त्यांची नोकरी पणाला होती आणि त्या एक अक्षर बोलत नव्हत्या.

मग कुणीतरी लिहिलं: “घासतं ते बरोबर. पण नळीतल्या पाण्याचं वजन कुठे गेलं?” कुणी म्हणालं, ते तर खाली पडून जातं. कुणी म्हणालं, पडतं म्हणजे काय, त्याच्या मागचं पाणी त्याला चिकटलेलंच आहे. भांडण सुरू झालं, तीन भाषांत. आणि मग एक चित्र आलं. बागेतली घसरगुंडी. मुलं एकमेकांच्या कमरेला धरून रांगेत बसलेली. पुढची दोघं उतारावर लागलीत आणि वरच्या सपाट जागी बसलेल्यांना ओढून नेतायत, एकाची चड्डी वर राहिली आहे. खाली लिहिलं होतं: “लोंबणारं पाणी वरच्याला ओढतं. नळीवालं आधी.”

चित्र ज्या नावानं आलं होतं, त्या मुलाला सरळ रेघसुद्धा काढता येत नाही हे कॉलेजच्या ड्रॉइंगच्या मास्तरांपासून सगळ्यांना माहीत होतं. मी वळून त्या मुलीकडे पाहिलं नाही. वर्गातल्या कुणीच पाहिलं नाही. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो.

“चित्र बरं आहे,” एवढंच अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात गटावर पुढचा प्रश्न आला: “नळी खूप बारीक केली तर? मग घासणं जिंकेल का?” अध्यक्ष पुढे झुकले. “अर्थात, कारण त्या वेळी...”

“सर,” बाई म्हणाल्या, “स्वल्प थांबा.”

तीस-पस्तीस वर्षं शिकवत आलेला तो माणूस तोंड उघडं ठेवून थांबला. मग त्यानंही हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट धरले आणि वाचत बसला.

नक्कल झाली नाही, असं समितीनं लिहून दिलं. त्या प्रश्नाला सगळ्यांना शून्य, आणि ते योग्यच होतं. मुलीचं नाव कुठेही आलं नाही, फीमाफी चालू राहिली. बाईंना ताकीद मिळाली आणि ‘अनधिकृत गट’ बंद करायचा हुकूम झाला. त्यांनी तो आमच्यासमोरच बंद केला. लोकेशनं त्यांना जिन्यात अडवलं. त्या शून्यामुळे तो चाचणीत नापास झाला होता.

“मिस, एक ओळ लिहायची होती. फक्त ‘चार नाही’ एवढं. काय गेलं असतं तुमचं?”

“काही नाही. लिहायला पाहिजे होती.”

“मग का नाही लिहिली?”

“सवय,” त्या म्हणाल्या. “आणि स्वल्प गर्व.”

तो जिना उतरून निघून गेला. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर कारखान्याच्या युनियनची पत्रकं पडलेली असायची, तत्त्वाला चिकटून राहणं मी त्यांतून शिकले. पण एकाच्या तत्त्वाची किंमत दुसरा मोजतो तेव्हा काय करायचं, ते कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं. बाईंचं चुकलं. चुकलं हे त्यांनी ज्यांच्यामुळे शनिवार गेला त्यांच्यासमोर सांगितलं आणि ज्याचे गुण गेले त्याच्यासमोरही सांगितलं. आपलं चुकलं असं बोलून दाखवणारा दुसरा कुणी मला त्या इमारतीत भेटला नाही.

पुढच्या सत्रात बाईंना विषय दिला नाही. प्रवेशाचे अर्ज तपासायला एका खिडकीपाशी बसवलं. त्यांनी ते वर्षभर केलं, मग नोकरी सोडली. मी आता इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते आणि अधूनमधून राजाजीनगरला जाते. आम्ही ठरल्याप्रमाणे मराठीत भांडतो. ती मुलगी पाण्याचंच काम करते, चांगलं करते. याहून जास्त तिच्याबद्दल सांगणार नाही.

कॉलेजात ते अॅप अजून आहे. माझी मावसबहीण तिथे शिकते, तिनं दाखवलं. नोट्स येतात, नोटीस येते, खाली एक ओळ असते: ‘फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात.’ दुसऱ्या कॉलेजांतले, शाळांतले, शिकवणीचे गटही पाहिले. बहुतेक ठिकाणी तीच ओळ आहे. मुलांच्या हातात एकमेकांशी बोलण्याचं एवढं मोठं साधन आलं आणि आपण पहिलं काम काय केलं, तर त्यांचं तोंड बांधलं. कारण काय? गोंधळ होतो. कोण काय लिहील सांगता येत नाही. अहो, तेच तर शिकणं आहे!

म्हणून एक मागणं आहे. तुम्ही शिक्षक असाल, शिकवणी घेत असाल, मुख्याध्यापक असाल, पालकांच्या वतीनं एखादा गट चालवत असाल, तर हे वाचून झाल्यावर तो गट उघडा, सेटिंगमध्ये जा आणि मुलांना लिहू द्या. आज करा. पहिले काही दिवस कचरा येईल, येऊ द्या. मग एखादी कोपऱ्यात बसलेली, एरवी गप्प राहणारी मुलगी काहीतरी लिहील, आणि ते चूक असेल, आणि सगळा वर्ग तिच्या मागे जाईल. तिथे तुम्ही वेळेवर बोला, बाईंसारखं थांबू नका. आणि त्यानंतर कुणी वरचा माणूस तुमच्यापुढे बसून विचारेल की ही चूक पहिली कुणी केली. तेव्हा त्याला तिचं नाव सांगू नका.